तुम्ही विचारलंत म्हणून: आबांच्या नावानं स्पर्धा का नाही?

आमच्या कोल्हापुरात फुटबॉलचा सीझन जवळ आला की कुणीतरी विचारतंच. तालमीतले काका (आमच्याकडं फुटबॉलच्या टीम तालमींच्याच असतात), आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, टीममधले जुने गडी, परवा तर कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्या मामांनी पण, "काय गं, एवढा माणूस होता, एखादी स्पर्धा का भरवत नाहीसा?" मी दरवेळी "बघू की" म्हणून सटकते. आता एकदा लिहूनच टाकते.

पैशाचा प्रश्न नाही. चषक, जर्सी, बक्षिसं द्यायला माणसं तयार आहेत ते मला माहितेय. आणि मला फुटबॉल आवडत नाही असं तर कुणी म्हणूच नका, चार वर्षांची असताना आबांच्या खांद्यावर बसून शाहू स्टेडियममध्ये गेलेय मी, ऑफसाईड कळायच्या आधी शिव्या कळल्या.

तुम्ही श्रद्धांजलीच्या डिजिटल फलकावर लिहिलं होतं, कुटुंबवत्सल, फुटबॉलप्रेमी, समाजसेवक. मी तेव्हा मनात म्हटलं, क्रम उलटा लावलाय. सीपीआर दवाखान्यात कुणाच्या पेशंटला रक्त पाहिजे, आबा हजर. गणपतीत पंचगंगा घाटावर निर्माल्य गोळा करायला आबा पहिले. आणि आमचं गॅदरिंग असलं की नेमकी सेमीफायनल. आता हे लिहिताना वाटतंय की हे पण सरळ नाही. माझ्या दहावीच्या प्रत्येक पेपरला तेच सोडायला यायचे आणि पेपर सुटेपर्यंत बाहेर उन्हात उभे असायचे. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर भाकऱ्या त्यांनी थापल्या, नकाशासारख्या. त्यामुळे कुटुंबवत्सल नव्हते असं मी म्हणत नाही. मग काय म्हणतेय? सांगते.

ऑगस्ट २०१९. महापुराचं तुम्हाला काय सांगायचं, सगळ्यांनीच बघितलाय. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आणि पाणी गेलं ५५ च्या वर, शिरोलीजवळ हायवे बंद, नळाला पाणी नाही, पेट्रोल नाही. आमचं घर जयंती नाल्याच्या अंगाला. सकाळी पाणी गल्लीच्या तोंडाशी होतं तेव्हा आबा म्हणाले, "पलीकडच्या गल्लीत म्हातारी माणसं अडकल्यात, पोरांच्याबरोबर जातो, तासाभरात आलोच." आई काही बोलली नाही. मी म्हटलं, "जाऊ नका." ते गेले.

दुपारी पाणी उंबऱ्यावर, मग चौथ्या पायरीवर. आम्ही दोघी वरच्या भाडेकरूंच्या खोलीत. फोन लागत नव्हता. आई सारखी म्हणत होती येतील, येतील, आणि तिचा बीपी वाढलेला मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होता. संध्याकाळी खालून हाक आली. पाच-सहा पोरं, छातीएवढ्या पाण्यात, कुठल्यातरी गुऱ्हाळातली काहील, म्हणजे गूळ करायची मोठी कढई, ढकलत आणलेली. कुठल्या तालमीची पोरं होती सांगू? ज्यांची टीम उतरली की आबा गॅलरीत उठून उभे राहायचे आणि घसा बसेपर्यंत त्यांच्याविरुद्ध ओरडायचे, त्या तालमीची. त्यातला एकजण मला ओळखून म्हणाला, "आबांची पोरगी ना? बसा, हलू नका, नाहीतर गरागरा फिरतीया ही." आईला घट्ट धरून बसले. काही घ्यायला वेळ नव्हता, तिच्या गोळ्या पण घरातच राहिल्या.

रात्री अकराच्या पुढं आबा शाळेतल्या कॅम्पवर आले, चिखलानं माखलेले. अख्खा हॉल जागा होता. मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, "आम्ही तुमच्या वॉर्डात येत नाही वाटतं." ते काही बोलले नाहीत. खांद्यावरची प्लास्टिकची पिशवी आईपुढं ठेवली. आईच्या गोळ्या, तिचा चष्मा. आणि त्याखाली त्यांचे खेळायचे जुने बूट.

म्हणजे आम्हाला शोधायला ते अंधारात घरात गेले होते. आणि आम्ही नाही हे बघितल्यावर माळ्यावर चढून बूट काढत बसले होते.

मी कितीतरी वर्षं फक्त ते बूट बघितले. आई म्हणते, आधी गोळ्या घेतल्या असतील, त्या वर होत्या पिशवीत. मी म्हणते, पिशवीत जे खाली असतं ते आधी ठेवलेलं असतं. हे भांडण आमच्यात अजून चालू आहे. आबांना विचारायचं राहिलं. खरं तर राहिलं नाही, मी विचारलंच नाही, भीती वाटायची कुठलं उत्तर येईल म्हणून. पलीकडच्या गल्लीतून त्यांनी त्या दिवशी किती माणसं काढली तेही मला त्यांच्याकडून कळलं नाही, दिवसावर आलेल्या बायकांनी सांगितलं.

तर स्पर्धेचं असं आहे. जिवंत होते तोवर पेठेनं त्यांना आमच्याकडून उसनं नेलं ते परत केलंच नाही, असं मला वाटतं. आता फोटो, चषक, माईकवरून नाव, म्हणजे परत तुमचेच. स्वार्थी आहे हे, कळतंय मला. त्या काहिलीतल्या पोरांनी असा हिशोब केला असता तर मी आज लिहायला नसते, हेही कळतंय. पण कळून काय होतंय.

२०२२ ला मेस्सीनं कप उचलला तेव्हा आबा नव्हते. गल्लीत अर्जेंटिनाचे झेंडे, फटाके, आणि मला त्यांचा एवढा राग आला की नऊ महिने थांबला असतात तर काय बिघडलं असतं.

तालमीतले काका परत रविवारी येणार आहेत म्हणे. मी नाहीच म्हणणार आहे. काल बघितलं तर आईनं ते बूट माळ्यावरून काढून, पुसून, पेपरवर ठेवलेत. मला काही बोलली नाही.