गुडघ्याची कूर्चा: पिक्सेलपेक्षा बारीक मोजमाप

गुडघेदुखीसाठी ऑर्थोपेडिककडे जाऊन आलेला माणूस घरी बहुधा एवढेच सांगतो, की ‘गॅप कमी झाली आहे’. ही गॅप म्हणजे एक्स-रेवर मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये दिसणारी मोकळी जागा. कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, स्वतः एक्स-रेवर दिसत नाही, म्हणून या जागेवरून तिचा अंदाज बांधला जातो. केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ साली मांडलेली आणि आजही सर्रास वापरली जाणारी प्रतवारीही बऱ्याच अंशी याच जागेवर अवलंबून आहे. अडचण अशी, की त्याच जागेत मेनिस्कस ही दोन हाडांमधली गादीही असते आणि ती जागची बाहेर सरकली, तर कूर्चा होती तेवढीच राहूनही गॅप कमी दिसते.

एमआरआयमध्ये कूर्चा प्रत्यक्ष दिसते, त्यामुळे तिची जाडी मोजता येते. मी ज्या प्रकारच्या स्कॅनवर काम करतो, त्यांचा नमुना ऑस्टिओआर्थ्रायटिसवरील, म्हणजे सांध्यांच्या झिजेच्या आजारावरील, अमेरिकेतील ‘ऑस्टिओआर्थ्रायटिस इनिशिएटिव्ह’ या अभ्यासाने घालून दिला. २००४ ते २००६ या काळात ४५ ते ७९ वर्षे वयाचे ४,७९६ स्त्री-पुरुष त्यात दाखल झाले आणि ३ टेस्ला चुंबकीय क्षेत्राच्या यंत्रांवर त्यांच्या गुडघ्यांचे स्कॅन पुढे वर्षानुवर्षे घेतले गेले. त्यातील ‘डेस’ या त्रिमितीय सिक्वेन्समध्ये, म्हणजे चित्र घेण्याच्या एका ठरावीक पद्धतीत, एक स्लाइस (चित्राचा एक काप) ०.७ मिमी जाडीची आणि स्लाइसमधला प्रत्येक पिक्सेल साधारण ०.३७ मिमीचा असतो. आपल्याकडे सेंटरवर गुडघ्याचा जो नेहमीचा एमआरआय होतो, त्याच्या स्लाइस बहुधा ३ ते ४ मिमीच्या असतात. लिगामेंट किंवा मेनिस्कस फाटला आहे का, हे पाहण्यासाठी तो उत्तम आहे, पण वर्षभरात कूर्चा किती झिजली, हे दोन वेगवेगळ्या सेंटरांवरच्या अशा दोन स्कॅनवरून सांगता येत नाही.

आता हिशेब पाहा. नडगीच्या हाडावरील कूर्चा समजा २ मिमी जाड आहे, म्हणजे चित्रात तिला साडेपाच पिक्सेलसुद्धा धड मिळत नाहीत. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये तिची सरासरी झीज वर्षाला एक-दोन टक्के, म्हणजे ०.०२ ते ०.०४ मिमी असते. एका पिक्सेलच्या अठराव्या हिश्शाएवढा बदल पिक्सेलनेच बनलेल्या चित्रातून मोजायचा, हे ऐकायला अशक्य वाटते. ते शक्य होते, कारण आपण एका ठिकाणची जाडी मोजत नसून पृष्ठभागावरील हजारो बिंदूंच्या जाडीची सरासरी काढत असतो. त्यासाठी प्रत्येक स्लाइसवर कूर्चेच्या कडांवरून रेष ओढली जाते. ती रेष एखाद्या ठिकाणी थोडी आत, दुसऱ्या ठिकाणी थोडी बाहेर पडली, तर त्या चुका एकमेकींना खोडून काढतात. मात्र रेखाटणाऱ्याचा हात सगळीकडेच किंचित बाहेर जात असेल, तर ती चूक कितीही बिंदू घेतले तरी जात नाही. म्हणूनच एका रुग्णाचे दोन्ही वर्षांचे स्कॅन एकाच वाचकाने जोडीने वाचायचे आणि त्यांतील आधीचा कोणता, नंतरचा कोणता, हे त्याला कळू द्यायचे नाही, अशी शिस्त पाळली जाते. झीज झालीच असणार, असे मनात धरून बसलेल्या माणसाला ती सापडतेच.

रेखाटनात दोन कडा असतात आणि दोन्ही सारख्या अवघड नाहीत. हाडाकडची कड बहुतेक ठिकाणी स्वच्छ असते, पण मज्जेतील चरबीचा सिग्नल नीट दाबला गेला नसेल, तर तो बाजूला सरकतो आणि कूर्चा एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पातळ भासते. खरी कसोटी बाहेरच्या कडेची. तिच्यावर सायनोव्हियल द्रव, म्हणजे सांध्यातील वंगणासारखा द्रव, असेल तिथे डेसमध्ये पांढऱ्या द्रवाशेजारी राखाडी कूर्चा सहज वेगळी काढता येते. जिथे मांडीच्या हाडाची कूर्चा नडगीच्या कूर्चेला थेट टेकलेली असते, तिथे राखाडीवर राखाडी असते आणि मधली रेष जवळजवळ नाहीशी होते. अशा वेळी तीन-चार स्लाइस मागे-पुढे जाऊन, रेष कुठून येते आणि कुठे जाते, हे पाहत ती मधे ओढावी लागते. हे सगळे हाताने केले, तर एका गुडघ्याला कित्येक तास सहज लागतात.

याहून मला महत्त्वाचा वाटतो तो भागाकाराचा प्रश्न, कारण नवख्या माणसाची फसगत तिथेच होते. समजा, नडगीच्या पृष्ठभागाचे समान क्षेत्रफळाचे चार भाग केले आणि त्यांवरील जाडी अनुक्रमे २.४, २.२, २.० आणि ०.६ मिमी भरली, तर सरासरी १.८ मिमी येते. पुढच्या वर्षी चौथ्या भागातील कूर्चा पूर्ण गेली, हाड उघडे पडले आणि बाकीचे तीन भाग तसेच राहिले. आता कूर्चा शिल्लक आहे तेवढ्याच भागांची सरासरी काढली, तर ती २.२ मिमी येते, म्हणजे रोग बळावला आणि कागदावर गुडघा सुधारला! उघड्या हाडाची जाडी शून्य धरून चारांनी भागले, की १.६५ मिमी हा खरा आकडा मिळतो. त्यामुळे ‘सरासरी जाडी’ असे नुसते लिहिलेला तक्ता हाती आला, की ती सरासरी कशावर काढली आहे, हे मी आधी विचारतो.

रुग्णाने स्कॅनच्या आधी काय केले, यानेही फरक पडतो. तीस खोल उठाबशा काढल्या, तर वाटीमागची कूर्चा पाच-सहा टक्क्यांनी दबते आणि पूर्ववत व्हायला दीड तासाहून अधिक लागतो. वर्षभराच्या झिजेपेक्षा हा बदल मोठा आहे, तेव्हा स्कॅनआधी रुग्णाला थोडा वेळ बसवून ठेवणे, हा वेळेचा अपव्यय नव्हे.

आता रेखाटन बरेचसे न्यूरल नेटवर्क, म्हणजे नमुन्यांवरून शिकणारी संगणकप्रणाली, करते आणि वेळ काही मिनिटांवर आला आहे. पण नेटवर्कची गुणवत्ता ज्या डाइस गुणांकाने सांगितली जाते, त्यावर मी फार विसंबत नाही. २०१९ साली ८८ रुग्णांच्या स्कॅनवर झालेल्या एका खुल्या स्पर्धेच्या विश्लेषणात असे दिसले, की डाइससारखे गुणांक आणि जाडीतील चूक यांचा परस्परसंबंध क्षीण आहे. दोन आकृत्या एकमेकींवर किती बसतात, हे डाइस सांगतो, सगळीकडे सारखीच बाहेर गेलेली रेष त्यात ठळकपणे उघडी पडत नाही.

या मोजमापाचा सर्वांत बोलका उपयोग स्प्रिफर्मिन या औषधाच्या चाचणीत झाला, असे मला वाटते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ५४९ रुग्ण होते. दर सहा महिन्यांनी सांध्यात १०० मायक्रोग्रॅमची इंजेक्शने घेतलेल्या गटात दोन वर्षांनी कूर्चेची जाडी प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या इंजेक्शनच्या, तुलनेत ०.०५ मिमीने अधिक भरली. हा फरक निःसंशय मोजता आला, पण दुखण्याच्या गुणांकात मात्र प्लासिबोहून लक्षणीय फरक पडला नाही. यावरून मोजमापच निरर्थक ठरवणे मला पटत नाही. कूर्चेत मज्जातंतू नसतात. दुखते ते तिच्याखालचे हाड, सायनोव्हियम (सांध्याचे आतले अस्तर) आणि भोवतालच्या ऊती. त्यामुळे कूर्चेच्या जाडीबरोबरच हाडाच्या मज्जेतील बदल आणि सांध्यातील दाह यांचीही नोंद घ्यावी लागते. त्यासाठी एकटा डेस पुरत नाही, चरबीचा सिग्नल दाबणारा दुसरा सिक्वेन्स त्याच बैठकीत घ्यावा लागतो आणि रुग्णाला यंत्रात आणखी काही मिनिटे गुडघा न हलवता पडून राहावे लागते.