मिंट फक्त नवशिक्यांसाठी?

"मिंट? ते तर नवशिक्यांसाठी असतं ना!" माझ्या नव्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट (लिनक्स या संगणकप्रणालीचा एक प्रकार, म्हणजे डिस्ट्रो) बघून मित्र आज सहज बोलून गेला. दिवसभर तेच डोक्यात घोळतंय.

याआधी वापरलेलं आर्च हे अवघड लिनक्स डिस्ट्रो मला आजही आवडतं. पार्टिशन (डिस्कचे भाग), बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम), नेटवर्क, सगळं हाताने लावताना संगणक आतून कसा चालतो ते कळलं. पण ते रोलिंग रिलीज, म्हणजे ठरावीक आवृत्त्या नाहीत. पॅकेजेस (त्यातले प्रोग्राम) सतत बदलत राहतात, अपडेट करण्याआधी सूचना वाचायची सवय ठेवावी लागते. रोजच्या कामाच्या मशीनवर मला आता एवढं लक्ष घालायचं नाही.

मिंट २२ हे उबुंटू २४.०४ एलटीएसवर (उबुंटू या डिस्ट्रोच्या दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीवर) उभं आहे, सुरक्षा अपडेट २०२९ पर्यंत मिळणार. शिवाय टाइमशिफ्ट! अपडेटनंतर सिस्टिम बिघडलीच, तर या प्रोग्रामने सिस्टिमच्या आधीच्या स्नॅपशॉटवर, म्हणजे जपून ठेवलेल्या स्थितीवर, परत जाता येतं (तो घेऊन ठेवलेला हवा, एवढंच). आणि टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) आहेच की. हवं तेव्हा उघडावं, हवं ते बदलावं.

हा सोपेपणा आपोआप आलेला नाही. २००६ पासून माणसं त्यावर मन लावून काम करतायत. मग अवघड डिस्ट्रो वापरणाराच खरा जाणकार, हे आपण कधी ठरवून टाकलं?