पॉइंट पन्नास

गुरुवार, रात्री साडेदहा

मेस्त्रींनी पेट्रोलच्या फडक्यानं पिस्टन पुसला, डोक्यावरची काजळी ब्लेडनं खरवडली आणि माझ्यासमोर धरला. मधोमध बारीक आकडे उठलेले होते. ०.५०.

"बोअर आधी मारलंय की हो. कधी केलंवतं?"

मी म्हणालो, नाही, हे इंजिन कधी उघडलेलंच नाही. अगदी ठासून म्हणालो, कारण इतकी वर्षं हेच ऐकत आलोय. पाहुणे आले आणि गाडीचा विषय निघाला की अण्णांचं ठरलेलं वाक्य: २००३ ची स्प्लेंडर आहे, इंजिनला अजून पाना लागलेला नाही. मेस्त्रींनी वाद घातला नाही. कंपनीतून येतो तो पिस्टन ५० मिलिमीटरचा, हा साडेपन्नासचा, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कापून मोठा केलाय आणि त्यात मोठा पिस्टन घातलाय, एवढंच सांगितलं आणि पेपरावर ठेवून दिला.

तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही.

गेलो होतो वेगळ्याच गोष्टीसाठी. दोन महिने गाडी निळसर धूर टाकतेय, हजार किलोमीटरला निम्मं ऑइल खातेय, किकला दम राहिलेला नाही. मेस्त्रींनी आधी प्लग काढून भोकातून चमचाभर ऑइल सोडलं आणि मला किक मारायला लावली. पायाखाली एकदम घट्ट लागली. म्हणजे कॉम्प्रेशन व्हॉल्व्हमधून जात नाही, पिस्टनच्या रिंगा आणि बोअर गेलंय. हेड उतरवल्यावर ब्लॉकमध्ये बोट घालून बघा म्हणाले. वरच्या टोकाला, जिथवर रिंग पोचत नाही, तिथं नखाला कड लागते. खाली सगळं काचेसारखं गुळगुळीत. ऑइल धरून ठेवणाऱ्या तिरक्या रेघा असतात, त्या पार गेल्यात.

मग हिशेब. बोअर, पिस्टन, रिंगा, टायमिंग चेन, व्हॉल्व्ह घासून बसवणं, गॅस्केट, मजुरी धरून साडेसहा हजार. जुन्या बाजारातलं चालू इंजिन आठ-नऊ हजारांत मिळेल, पण त्याचा नंबर आरसीवर चढवायला आरटीओत जायचं, आणि बिलाशिवायचं इंजिन कुणाच्या गाडीचं निघेल याची धास्ती वेगळीच. आहे तशी विकली तर दहा-बारा हजार येतील. पासिंग २०२८ पर्यंत आहे. कागदावर मांडलं तर कुणीही म्हणेल, काढून टाक.

पण मला कागद दिसतच नाही. मला दिसतं ते २००९. माझं पुण्यातलं पहिलं वर्ष. दिवाळीत घरी आलो तेव्हा अण्णा आठ दिवस सांगलीला एसटीनं जात होते. संध्याकाळी स्टँडवरून डबा हातात घेऊन चालत आलेले मी बघितलेत. गाडी कुठंय विचारलं तर म्हणाले, रस्ता खराब झालाय, उगाच गाडीचे हाल. मला ते पटलं होतं. त्याच आठवड्यात मी हॉस्टेलच्या डिपॉझिटचे पैसे घेऊन गेलो.

तेव्हाच केलं असेल का? की ताईच्या वेळी? तासगाव-सांगली रोजचं जाऊन-येऊन पन्नासएक किलोमीटर, सहा-सात वर्षांत बोअर जाणारच, त्यात लपवण्यासारखं काय होतं? दुपारभर मला याचा राग येत होता. या घरात मला सगळं निस्तरून झाल्यावरच कळतं. आईच्या ऑपरेशनचंही तसंच. मी लहान आहे म्हणून, मग मी लांब आहे म्हणून, आता मी कामात आहे म्हणून. आणि हे तर निस्तरून झाल्यावरही सांगितलं नाही. चारचौघांत अभिमानानं उलटंच सांगितलं.

संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडीच्या रिकाम्या जागेकडे बघत उभा होतो. माझ्या कंपनीतलं मार्चपासूनचं मी तरी घरी कुठं सांगितलंय? फोनवर विचारलं की सगळं बरं आहे म्हणतो. तेही खोटं बोलायचं म्हणून नाही. त्यांना रात्री झोप लागावी म्हणून. अण्णांचंही तेवढंच असेल. कदाचित सांगून सांगून ते वाक्य त्यांना स्वतःलाच खरं वाटायला लागलं असेल.

मेस्त्रींना फोन करून करा म्हणालो. अजून दोन मापं शिल्लक आहेत, पॉइंट पंचाहत्तर आणि मग पूर्ण एक. पिस्टन आधी आणायचा, मग लेथवाला त्याच्या मापानं बोअर मारणार. शनिवारी मिळेल.

नऊ वाजता अण्णांचा फोन आला. गुडघ्याचं, पावसाचं बोलून झालं. मग म्हणाले, "गाडी टाकलीस म्हणे कामाला. इंजिन उघडलं?"

"हो."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मागे आईची भांडी वाजत होती. आता विचारावं असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

"पॉइंट पंचाहत्तरचा बसवतोय ना?"

"हो अण्णा."

"पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर काढू नकोस. आणि पाचशे झाले की ऑइल बदल, तिथं पैसे वाचवू नकोस."

बरं म्हणालो. जेवलास का विचारलं, जेवलो म्हणालो.