पेशींना चिकटूच द्यायचं नाही, मग त्या वाढतात कशा?

लो अटॅचमेंट प्लेट, म्हणजे पेशी तळाला चिकटूच नयेत अशी बनवलेली प्लेट, बघितली की लॅबमध्ये नवीन आलेली पोरं हे हमखास विचारतात, घरचेही विचारतात, आता तुम्हीपण विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

साधी कल्चर डिश, म्हणजे पेशी वाढवायची बशी, पॉलिस्टायरीनची असते पण ते प्लास्टिक मुद्दाम ट्रीट केलेलं असतं, त्यामुळे सीरममधली (पेशींच्या खाद्यात घातलेला रक्ताचा द्रवभाग) फायब्रोनेक्टिन, व्हिट्रोनेक्टिन वगैरे प्रोटीनं त्यावर जाऊन बसतात आणि पेशी धरते ती त्यांना, प्लास्टिकला नाही. एवढं कळलं की झालं. लो अटॅचमेंट प्लेटच्या तळाला बहुतेक वेळा हायड्रोजेलचा, म्हणजे पाणी शोषून धरणाऱ्या जेलचा, पातळ थर असतो, तो पाणी असा काही धरून ठेवतो की प्रोटीनांना बसायला जागाच नाही, मग पेशी तरी कुणाला धरणार? ती शेजारणीला धरते. तळ गोल असला की सगळ्या घसरत मध्ये येतात आणि एक-दोन दिवसांत गोळा तयार, म्हणजे स्फेरॉइड.

यात नवीन काही नाही हो, १९७८ सालीच फोकमन आणि मोस्कोना या संशोधकांनी डिशवर पॉली-हेमाचा (पेशींना चिकटू न देणारं पॉलिमर) थर जाड करत नेला तशा पेशी गोल होत गेल्या आणि त्यांचं डीएनए बनवणंही मंदावलं. काही नॉर्मल पेशी तर आधार सुटला की मरूनच जातात, त्याला अनॉयकिस म्हणतात. कॅन्सरच्या बऱ्याच पेशी मात्र तग धरतात, म्हणून तर ट्यूमरचं मॉडेल म्हणून हे गोळे करायचे.

पण गोळा दिसला म्हणजे स्फेरॉइड झाला असं नाही, यावरून माझी रोज कुणाशी तरी वादावादी होते. स्तनाच्या कॅन्सरच्याच दोन प्रकारच्या पेशी घ्या: एमसीएफ-७ छान घट्ट बसतात, एमडीए-एमबी-२३१ नुसती गर्दी करतात, पिपेटने जरा हलवलं की पांगल्या. प्लेट कितीही भारी घ्या, एकमेकींना धरायचं काम पेशींनाच करावं लागतं. शिवाय गोळा फार मोठा करू नका, साधारण ५०० मायक्रॉनच्या पुढे बऱ्याचदा आतपर्यंत ऑक्सिजन पोचत नाही आणि मधला भाग मरायला लागतो, अर्थात तेच बघायचं असेल तर गोष्ट वेगळी.

आणि मीडिया, म्हणजे पेशींचं द्रव खाद्य, बदलताना निम्माच काढा, पिपेटची टिप वेलच्या (प्लेटमधला खळगा) भिंतीला टेकवून, सावकाश. मी सुरुवातीला नेहमीच्या सवयीने सगळा ओढला होता, अर्ध्या प्लेटचे गोळे वेस्टच्या बाटलीत गेले आणि मला कळलं ते मायक्रोस्कोपखाली रिकामे वेल बघितल्यावर.