चर्चगेटचं चर्च कुठे आहे?

मुंबईचा फोर्ट भाग दाखवायला कुणालाही घेऊन निघाले की हा प्रश्न येतोच. स्टेशनच्या आसपास ना चर्च दिसतं ना गेट, मग नाव आलं कुठून? तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

गेट पाडलं गेलं, चर्च मात्र जागेवर आहे. स्टेशनातून बाहेर पडा आणि वीर नरिमन रोडने सरळ पूर्वेला चालत राहा. हुतात्मा चौक मागे पडला की हॉर्निमन सर्कलच्या जरा अलीकडे सेंट थॉमस कॅथेड्रल लागतं. मुंबईतलं हे पहिलं अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या पंथाचं, चर्च.

इंग्रजांच्या मुंबईला तट होता, खंदक होता आणि तीन वेशी होत्या: अपोलो गेट, बझार गेट आणि चर्च गेट. चर्चच्या रस्त्यावरची वेस ती चर्च गेट, आजच्या फ्लोरा फाउंटनपाशी. 1860च्या दशकात, बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना तट पाडला आणि वेसही गेली. 1870 मध्ये बीबीसीआय (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेने तटाबाहेरच्या मोकळ्या जागेत स्टेशन काढलं आणि पडलेल्या वेशीचं नाव त्याला दिलं. पुढे गाड्या कुलाब्यापर्यंत जाऊ लागल्या. 1930च्या अखेरीस कुलाबा स्टेशन बंद झालं, तेव्हापासून चर्चगेट शेवटचं.

वेशीच्या या जागेवरून मला घाईने पुढे जाववत नाही. 21 नोव्हेंबर 1955 ला संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या लोकांवर इथेच गोळ्या झाडल्या गेल्या. मशाल धरलेल्या शेतकरी आणि कामगाराचे पुतळे इथे उभे आहेत ते त्या हुतात्म्यांसाठी.

आता चर्च. गव्हर्नर जेराल्ड आँजिएने 1670च्या दशकात पाया घातला. भिंती पंधरा फुटांच्या आसपास चढल्या आणि काम थांबलं, ते थोडंथोडकं नाही, चाळीसेक वर्षं. रिचर्ड कॉब नावाचा पाद्री आला, त्याने वर्गणीसाठी लोकांच्या मागे लागून काम पुरं करून घेतलं. 1718च्या नाताळात चर्च उघडलं. 1837 मध्ये मुंबईला बिशप मिळाला आणि चर्चचं कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च झालं. उंच मनोरा त्याच सुमाराचा. बाहेरचं कारंजं कावसजी जहांगीर रेडिमनी या पारशी दात्याने दिलेलं आहे.

आत गेलात की भिंतींवरचे संगमरवरी लेख सावकाश वाचा. मृत्यूचं वय बघत जा. विशीतले, तिशीतले कितीतरी. ‘दोन पावसाळे म्हणजे माणसाचं आयुष्य’ असं तेव्हाचे इंग्रज मुंबईबद्दल म्हणायचे, ते इथे पटतं. मला सगळ्यात थांबवतं ते गव्हर्नर जोनाथन डंकनचं स्मारक. काशी आणि काठियावाडातली बालहत्येची चाल बंद व्हावी म्हणून त्याने केलेल्या प्रयत्नांची नोंद त्यावर आहे. राज्य परक्यांचं होतं, ते कुणी विसरू नये. पण ही नोंद वाचताना माझं मन भरून येतं.

आणखी एक गोष्ट मी आवर्जून सांगते. मुंबईचे जुने मैलाचे दगड याच चर्चपासून मोजलेले आहेत. काळा दगड, त्यावर रोमन आकडा आणि ‘सेंट थॉमस चर्चपासून इतके मैल’ असा मजकूर. बरेच दगड फुटपाथ वाढत गेले तसे जमिनीत गडप झाले. काही अलीकडे महापालिकेने वर काढून नीट बसवलेत. माझ्या मते हे दगड जपणं चर्चच्या रंगीत काचा जपण्याइतकंच गरजेचं आहे, कारण सगळं शहर त्यांनी एका दाराशी जोडलेलं आहे.

‘आम्ही ख्रिस्ती नाही, आत गेलं तर चालेल का?’ हा पुढचा प्रश्न. चालेल, खुशाल जा. फक्त रविवारी सकाळी उपासना असते, तेव्हा बघायला म्हणून जाऊ नका. इतर दिवशी जा आणि हाताशी थोडा वेळ ठेवा, लेख बरेच आहेत.