'जेवलात का' विचारता यावं म्हणून स्पॅनिश

माझ्या भाचीचं लग्न बेळगावात टिळकवाडीतल्या एका कार्यालयात झालं. जावई मेक्सिकोचे, ग्वादालाहाराचे. त्यांच्या आई एकट्याच आल्या होत्या तिकडून, बासष्टीच्या असतील, इंग्रजी बिलकुल येत नाही, आणि मावशी म्हणून त्यांच्याजवळ बसायचं काम माझ्याकडं आलं. दोन तास बसलो आम्ही शेजारी शेजारी. त्यांनी माझ्या बांगड्या बघितल्या, मी त्यांच्या कानातलं बघितलं, अक्षता कधी टाकायच्या ते हातानं दाखवलं, त्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता. पण पंगत उठली तरी मला त्यांना "जेवलात का?" एवढं विचारता आलं नाही. आपल्याकडं दारात आलेल्या माणसाला पहिलं हेच विचारतात की नाही? ते मला फार लागलं. घरी आल्यावर ठरवलं की ही भाषा शिकायची, वय 47 असलं तरी शिकायची.

खानापुरात आमचं हार्डवेअरचं दुकान आहे, सकाळी काउंटरवर मी असते. घरात मराठी, कित्तूर-बैलहोंगलकडचं गिऱ्हाईक आलं की कन्नड, लोंढ्याकडचं आलं की थोडी कोकणी, ट्रकवाल्याशी हिंदी. यातली कुठलीच भाषा मी "शिकायची" म्हणून बसून शिकले नाही. कन्नड शाळेत होतं पण खरं आलं ते काउंटरवर, "मोळे बेकु" म्हटलं की खिळे काढून द्यायचे, अशा रोजच्या देण्याघेण्यातनं. त्यामुळं मला वाटलेलं स्पॅनिशपण येईल असंच.

नाही आलं. पहिले सहा महिने मोबाईलवरचं अ‍ॅप केलं, एका ऑनलाइन क्लासला पैसे भरले आणि तीन आठवड्यांत सोडला. सगळं इंग्रजीतून. म्हणजे आधी स्पॅनिशचं इंग्रजी करायचं, मग त्याचं डोक्यात मराठी करायचं, आणि बोलताना हाच रस्ता उलटा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची एक भाषाशाळा आहे, त्यांचा हिशेब असा की इंग्रजी बोलणाऱ्याला कामापुरती स्पॅनिश यायला वर्गातले साधारण 600 ते 750 तास लागतात. रोज अर्धा तास धरला तर 600 तासांना तीन वर्षं आणि वर काही महिने होतात. हा आकडा बघून मी घाबरले नाही, उलट बरं वाटलं, सहा महिन्यांत आलं नाही यात माझं काही चुकत नाही हे कळलं. पण तो हिशेब इंग्रजीवाल्यांचा आहे, आपला नव्हे. आपला रस्ता वेगळा आहे आणि तो जवळचा आहे, हे मला नंतर समजलं, आणि खरं तर तेच सांगायला आज लिहायला बसले.

समजलं ते "मे गुस्ता"वर. मला कॉफी आवडते याला स्पॅनिशमध्ये "मे गुस्ता एल काफे". अ‍ॅप इंग्रजीतून समजावत होतं की इथं कॉफी हा कर्ता आहे, उलटं वाक्य आहे, लक्षात ठेवा, अपवाद आहे वगैरे, आणि मी पण अपवाद म्हणून पाठ करत होते. एक दिवस चहा पिता पिता लक्षात आलं की अगं, हे उलटं कुठं आहे, हे तर आपलंच वाक्य आहे! मे म्हणजे मला. मला कॉफी आवडते, मला आंबे आवडतात. आंबे अनेकवचनी झाले की आपलं "आवडतात" होतं, तसं त्यांचं "मे गुस्तान लोस मांगोस" होतं. कन्नडमध्येपण "ननगे काफी इष्ट", ननगे म्हणजे मलाच. आपल्याला हे दोन्हीकडून आधीच येतंय आणि आपण ते इंग्रजीतून अवघड करून शिकतोय.

त्या दिवसापासून वहीत इंग्रजी बंद केलं. डाव्या बाजूला मराठी, उजव्या बाजूला स्पॅनिश, तेही देवनागरीत. आणि मग एकेक सापडत गेलं. मी घर बघते, पण भावाला बघते, माणूस आला की आपण "ला" लावतो ना, स्पॅनिशमध्येही तसंच, "बेओ ला कासा" पण "बेओ आ मि एर्मानो", तो मधला "आ" म्हणजे आपला "ला". इंग्रजीतून शिकणाऱ्यांना यासाठी वेगळा धडा असतो. तसंच ते सबजंक्टिव्ह नावाचं प्रकरण, ज्याला सगळे घाबरतात. "तू यावंस असं मला वाटतं" यातलं "यावंस" आहे ना, "येतेस" नाही, "यावंस", तेच ते. "किएरो के बेंगास". इच्छा, आशा, शंका आली की क्रियापदाचं रूप बदलतं. सगळीकडं जुळतं असं नाही म्हणत मी, पण पहिलं पाऊल टाकायला आपल्याकडं जमीन आहे.

उच्चाराचं तर बोलायलाच नको. त आणि द आपल्यासारखे दातांवरचे, प त क मध्ये हवा नाही, स्वर पाचच आणि स्वच्छ, ह लिहितात पण म्हणत नाहीत. ब आणि व एकच. जोर कुठं द्यायचा ते मात्र जपायला लागतं. शब्दाच्या शेवटी स्वर, न किंवा स असेल तर शेवटून दुसऱ्या भागावर जोर, नाहीतर शेवटच्यावर, आणि याला सोडून असेल तर अक्षरावर रेघ देतात. "पापा"मधल्या पहिल्या पा वर जोर दिला तर मेक्सिकोत तो बटाटा, दुसऱ्यावर दिला तर बाबा. "कोम्प्रो"चा जोर पुढं असेल तर मी विकत घेते, शेवटी असेल तर त्यानं विकत घेतलं. दुकानदाराला हा फरक लगेच कळतो, म्हणून बहुतेक माझ्या डोक्यात तो पक्का बसला.

आणि दुकानाचंच सांगते. एकदा बिजागऱ्यांचा बॉक्स उघडून मोजत होते, मोबाईलवर स्पॅनिश शब्द चालू होते, आणि बाई म्हणाली "बिसाग्रा". मी थांबवलं, परत ऐकलं. बिसाग्रा म्हणजे बिजागरी. हातात बिजागरी आणि कानात बिसाग्रा, अंगावर काटा आला. मग शोधलं तर आपली बिजागरी पोर्तुगीजातून आली आहे, गोव्यातून, आणि पोर्तुगीज-स्पॅनिश सख्ख्या बहिणी. चोर्ला घाट उतरलं की गोवा, तिथं पोर्तुगीज 1961 पर्यंत होते, तेव्हा हे शब्द बैलगाडीतनं आले का आगगाडीतनं माहीत नाही, पण आमच्या दुकानात येऊन बसलेत खरे. बादली म्हणजे "बाल्दे". चावी म्हणजे "याबे", पोर्तुगीजमध्ये शावे. पगार हा तर "पागार", पैसे देणे. मेस्त्री म्हणजे "माएस्त्रो", आणि मेक्सिकोत गवंड्यालासुद्धा माएस्त्रो म्हणून हाक मारतात. पाण्याच्या पिंपाचा "पिपा", आणि हे मला फार आवडलं, मेक्सिकोत पाण्याच्या टँकरला पिपा म्हणतात. मग मी रॅकवर किमतीच्या चिठ्ठ्यांखाली स्पॅनिश शब्द लिहून लावले. खिळा क्लाबो, हातोडी मार्तियो, स्क्रू तोर्नियो. गिऱ्हाईक विचारतात, मी सांगते. एक कामगार पोरगा आता तोर्नियोच म्हणतो.

साखरेचं असंच. आपल्या संस्कृत शर्करेचं अरबीत सुक्कर झालं, तिथून स्पेनमध्ये "आसुकार". नारिंगाचं "नारांखा". आमच्या जिल्ह्यात ऊस बघत मोठं झालेल्या माणसाला आसुकार परका कसा वाटेल.

जिथं मराठी उपयोगी पडत नाही तेही सांगायला पाहिजे. आपलं एक "आहे", त्यांची दोन, "एस" आणि "एस्ता". "एस लिस्तो" म्हणजे हुशार आहे, "एस्ता लिस्तो" म्हणजे तयार आहे. याला तोड सापडली नाही मला, रोज वाक्यं करत राहिले. मोठ्यानं. सासूबाई आतून विचारतात, "काय बडबडूलीस गं एकटीच?" मी म्हणते, "अभ्यास करूलोय, आई." आता त्या विचारत नाहीत, आवाज आला नाही तर मात्र बघायला येतात. मोठ्यानं बोलण्यानंच फरक पडला हे मी कुणालाही सांगेन, वाचून सगळं कळतं आणि तोंडातून काही येत नाही असे महिने घालवू नका. आणि एक देश धरा. स्पॅनिश 20 देशांची राजभाषा आहे, सगळ्यांचं एकदम ऐकलं तर गोंधळ होतो. मी मेक्सिको धरलं, त्यामुळं स्पेनमधलं मित्रमंडळींना म्हणायचं वेगळं "तुम्ही" आत्तापुरतं बाजूला ठेवलं, तिथला जीभ दातात धरून केलेला थ पण सोडला, स म्हणते.

वडीलधाऱ्यांना तिकडं "उस्तेद", आणि क्रियापद तृतीय पुरुषी, आपल्याकडं समोरच्यालाच "मालक जेवले का" म्हणतात तसं. तर माझं वाक्य तयार झालं, या कोमिओ, सेन्योरा?

गेल्या महिन्यात भाचीनं व्हिडिओ कॉल जोडून दिला. आपल्याकडं मंगळवार सकाळचे साडेआठ, म्हणजे ग्वादालाहाराला सोमवारची रात्र नऊ. शटर अर्धं वर होतं, बाहेर खडीचा ट्रक लागत होता. मी विचारलं. त्या एक क्षण गप्प, मग दोन्ही हात गालांवर. म्हणाल्या, "या सेने, मिखा." कोमेर हे तिकडं दुपारच्या जेवणाला, रात्रीच्या जेवणाला सेनार, ते त्या दिवशी कळलं, आणि मिखा म्हणजे माझी पोरगी. मग त्यांनी विचारलं, तुम्ही खाल्लंत का. मी म्हटलं पोहे. पोहे काय ते सांगताना तांदळाला "आरोस" आठवलं, चेपलेला याला "आप्लास्तादो" आठवलं, ते जुळवून सांगितलं, ताटली कॅमेऱ्यापुढं धरली. त्यांना करून बघायचेत. येत्या मंगळवारी फोडणी विचारणार आहेत. मोहरी मोस्तासा, हळद कुर्कुमा, एवढं झालंय, कढीपत्त्याचं अजून बघायचं राहिलंय.