आधी आत, मग बाहेर : शिडाच्या जहाजाचं लाकडी मॉडेल बांधताना

शिडाच्या जहाजाचं मॉडेल करायला घेतलं की बहुतेकांना धास्ती असते ती दोऱ्यांच्या जंजाळाची. मला विचाराल तर रिगिंगमधली, म्हणजे डोलकाठ्या आणि शिडांच्या दोरकामातली, एकेक गाठ तशी सोपीच असते. पंचाईत होते ती गाठ मारायच्या जागी बोटं पोहोचत नाहीत तेव्हा, आणि ती पंचाईत बऱ्याचदा सांगाडा जोडतानाच होऊन बसलेली असते. म्हणून किटच्या पुस्तिकेतला क्रम मी जसाच्या तसा पाळत नाही. प्रत्येक भाग चिकटवण्याआधी बघतो, की पुढे इथे पुन्हा हात घालायची वेळ आली तर तो जाईल का.

खाली दिलेले आकडे १:६४ मापाच्या, दोन डोलकाठ्यांच्या ब्रिगचे आहेत. कील, म्हणजे जहाजाचा तळाचा कणा, आणि बल्कहेड, म्हणजे त्यावर आडव्या बसून अंगाला आकार देणाऱ्या फळ्या, ५ मिमी प्लायवूडचे. त्यावर पट्ट्यांचे दोन थर, पहिला बासवूडच्या १.५ मिमी जाड आणि ५ मिमी रुंद पट्ट्यांचा, दुसरा अक्रोडाच्या ०.५ मिमी पट्ट्यांचा.

सुरुवात कीलपासून. ती काचेवर आडवी ठेवून बघायची. प्लायवूड बरेच दिवस खोक्यात उभं राहिलं की हमखास वाकतं. बाक असेल तर दोन्ही बाजूंनी ओला फडका फिरवून काचेवर वजनाखाली पूर्ण सुकू द्यायचं. बल्कहेड चिकटले की हा बाक निघत नाही, आणि वाकड्या कीलवर डोलकाठ्या कधीच एका रेषेत येत नाहीत. लेझरने कापलेल्या कडा जळून काळ्या झालेल्या असतात, त्यावर गम नीट धरत नाही. बाहेरच्या कडा पॉलिश पेपरने लाकडाचा रंग दिसेपर्यंत घासतो, खाचांच्या आत मात्र जेमतेम हात फिरवतो. खाच सैल झाली की बल्कहेड डुलतो. प्रत्येक बल्कहेड गुण्या लावूनच चिकटवायचा. स्टँडच्या स्क्रूसाठी कीलमध्ये खालून दोन भोकं आणि आत नट हे काम याच टप्प्यावर उरकायचं. तयार जहाज उलटं धरून पोटात ड्रिल घालण्याची वेळ कुणावर येऊ नये.

सगळ्यात जास्त वगळला जाणारा टप्पा मागच्या टोकाचा आहे. कील ५ मिमी जाड आणि तिच्या शेवटाला बसणारा उभा खांबही ५ मिमी जाड. आता कीलच्या दोन्ही अंगांना दोन-दोन थर पट्ट्या चढणार, म्हणजे एका अंगाला २ मिमी आणि दोन्ही मिळून ४ मिमी. कील तशीच ठेवली तर मागे ९ मिमी जाडीचा ठोकळा तयार होतो आणि ५ मिमीचा खांब त्यात बुडल्यासारखा दिसतो. पाण्याने सुकाणूकडे अलगद वळावं म्हणून खऱ्या जहाजाचं अंग इथे निमुळतं होत जातं. तेव्हा शेवटच्या बल्कहेडच्या मागे कीलचा खालचा भाग पटाशीने आणि कानसेने उतरवत टोकाशी १ मिमीवर आणायचा. वर दोन्ही बाजूंचे थर धरले की बरोबर ५ मिमी होतात. हे काम पट्ट्या लावण्याआधीच होतं, नंतर नाही.

मग बल्कहेडच्या कडांना उतार द्यायचा. एक पट्टी सांगाड्यावरून लांबीला आडवी धरायची आणि ती प्रत्येक कडेवर पूर्ण रुंदीने टेकते का ते पाहायचं. मधल्या बल्कहेडना काही करावं लागत नाही. पुढच्या आणि मागच्यांना बरंच घासावं लागतं. पट्टी एखाद्या कडेला टेकतच नसेल तर तिथे पातळ चकती चिकटवून जागा भरायची. नाळेकडच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडच्या, पहिल्या दोन बल्कहेडच्या मध्ये मी मऊ लाकडाचे ठोकळे भरून त्यांना गोलाई देतो. वळण सर्वांत तीव्र तिथेच असतं, आणि नुसत्या ५ मिमीच्या कडेवर पट्टी उसळते.

पट्ट्यांना हात लावण्याआधी आणखी एक काम. डोलकाठ्यांच्या जागी गम न लावता साध्या गोल काठ्या उभ्या करायच्या, उंचीही खरी ठेवायची. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी आधार देणाऱ्या जाड दोरांना श्राउड म्हणतात. काठीच्या माथ्यावरून एक दोरा जहाजाच्या अंगापर्यंत ताणला की श्राउड कुठे आणि कोणत्या कोनात येणार ते कळतं. श्राउडला खाली पकडणाऱ्या धातूच्या पट्ट्या त्याच रेषेत असायला हव्यात. नकाशावरून भोकं पाडली तर एखादी पट्टी हमखास तिरकी येते, नाहीतर तोफेच्या झरोक्यासमोर एखादा श्राउड आडवा येतो. या खुणा आत्ताच बल्कहेडवर करून ठेवायच्या.

आता पट्ट्या. इथे घाई केली तर जहाज पिळतं. वरची पहिली पट्टी डेकच्या, म्हणजे जहाजाच्या वरच्या फळ्यांच्या तळाच्या, रेषेला समांतर, मग तिच्या जोडीची दुसऱ्या अंगाला, असं आलटून-पालटून जायचं. पट्ट्या पूर्ण रुंदीने नाळेपर्यंत नेऊ नयेत. मधल्या बल्कहेडवर उरलेली जागा ९० मिमी असेल तर ५ मिमीच्या १८ पट्ट्या बसतात. पण नाळेशी तेवढीच जागा ५४ मिमी भरते, म्हणजे तिथे प्रत्येक पट्टी ३ मिमी व्हायला हवी. मागे १०० मिमी भरली तर १८ पट्ट्या पुरत नाहीत, दोन पाचरीसारखे तुकडे जास्त लागतात. कागदाची अरुंद फीत प्रत्येक बल्कहेडवर लावून तिथल्या जागेच्या १८ सारख्या भागांच्या खुणा आधी करून घेतल्या की पुढचं काम फक्त रंध्याचं. पट्टी अर्ध्याहून अरुंद करायची पाळी आली तर तसं करू नये, टोक फाटतं. तिथे दोन पट्ट्यांची जागा एकीला द्यावी.

कीललगतच्या पट्टीला नाळेकडे वर चढायचा मोह होतो. तिला चढू दिलं की वरून येणाऱ्या सगळ्या पट्ट्या समोर कोंडतात आणि टोकाला सुयांसारखे तुकडे उरतात. तिचं पुढचं टोक खालीच ठेवावं.

वाकवण्यासाठी पट्टी गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं, मग साच्यावर बांधून सुकवायची. ओली असतानाच चिकटवली तर सुकताना आकसते आणि दोन पट्ट्यांमध्ये फट पडते. गम लाकडाचा पांढराच. सायनोअॅक्रिलेट, म्हणजे सुपरग्लू, झटपट धरतो खरा, पण लाकडात मुरलेल्या जागी वार्निश वेगळं दिसतं, दुसऱ्या थरावर तर डाग उठून दिसतो. पहिल्या थराला फटी राहिल्या तरी लांबी (पुट्टी) भरून घासता येतात. दुसरा थर अर्धा मिमीचा असल्यामुळे घासायला जाडीच नसते, म्हणून खरी मेहनत पहिल्या थरावर.

डेक त्या मानाने हलकं काम. खऱ्या जहाजावर २४ फुटांची फळी धरली तर १:६४ ला ती ११४ मिमी होते, आणि १० इंच रुंदी म्हणजे ४ मिमी. कडेला काळी पेन्सिल फिरवली की सांधे भरल्यासारखे दिसतात, मार्करची शाई मात्र लाकडात पसरते. फळ्यांचे सांधे शेजारी-शेजारी येऊ द्यायचे नाहीत, चार ओळींनंतर पुन्हा त्याच तुळईवर आणायचे.

डोलकाठ्या गोल दांडीपासून करता येतात, पण निमुळतेपण चांगलं हवं असेल तर चौकोनी काठी घेऊन आठ बाजू, मग सोळा, मग गोल असं जावं. ड्रिलमध्ये धरून पॉलिश पेपरमध्ये फिरवली तर काम लवकर होतं, पण लांब काठी फटकते आणि एका बाजूने जास्त उतरते. डोलकाठीवर आडव्या बसणाऱ्या काठ्या, म्हणजे यार्ड, मध्यभागी जाड आणि दोन्ही टोकांना निमुळत्या. प्रत्येक यार्डच्या मधोमध ०.८ मिमी पितळी तारेची खुंटी घालतो आणि डोलकाठीला तेवढंच भोक. नुसत्या दोऱ्याने बांधलेला यार्ड फिरत राहतो.

इथून पुढे हाताच्या पोहोचीचा खेळ सुरू होतो. डोलकाठी उभी करण्याआधी तिच्यावरचे सगळे ब्लॉक, म्हणजे दोर वळवणाऱ्या लहान कप्प्या, टेबलावरच बांधून टाकायचे. यार्डवरचे ब्लॉक आणि खलाशी उभे राहतात ते पायदोरही तिथेच. किटमधले ब्लॉक चौकोनी आणि धारदार असतात. पॉलिश पेपर आतून लावलेल्या डब्यात ते घालून हलवले की कडा गोल होतात. डेकवर दोर अडकवायच्या खुंट्यांची पट्टी गमाच्या भरवशावर ठेवू नये. दहा-बारा दोरांचा एकत्र ताण तिला उचकटतो, आणि तोपर्यंत तिच्यावर इतकं जाळं झालेलं असतं की पुन्हा चिकटवायला बोट जात नाही. तिच्या मागून दोन-तीन तारेच्या खुंट्या अंगात घालायच्या. डेकवरच्या कड्यांनाही तोच नियम, नुसत्या टोचलेल्या नकोत. त्यांची शेपटी डेकच्या खालून वाकवता आली तर उत्तम.

दोऱ्याची जाडी अंदाजाने निवडू नये. अठराव्या शतकातल्या इंग्रजी जहाजांचा एक उपयोगी हिशोब आहे. मुख्य डोलकाठीला पुढे धरून ठेवणाऱ्या मोठ्या दोराचा, म्हणजे मुख्य स्टेचा, घेर डोलकाठीच्या व्यासाच्या निम्मा. डोलकाठी ८ मिमी असेल तर घेर ४ मिमी, म्हणजे दोर साधारण १.३ मिमी जाड. श्राउड त्याच्या सहा-दशांश, ०.८ मिमीच्या आसपास. किटमध्ये दोन-तीनच जाडीचे दोरे असतात आणि सगळं एकसारखं दिसतं, त्यामुळे हा हिशोब करून वेगळे दोरे आणणं मला गरजेचं वाटतं. स्थिर दोर गडद, कारण खऱ्या दोरांना डांबर लावलेलं असे. हलते दोर फिकट तपकिरी. सुती दोऱ्याला लव असते, ती ज्योतीवरून झटकन फिरवून जाळता येते. पॉलिस्टरच्या बाबतीत ज्योत नको, तो वितळतो. पण पॉलिस्टर हवेतल्या ओलाव्याने सैल-घट्ट होत नाही, म्हणून मी तोच वापरतो.

श्राउड जोडीने चढतात. पुढे तोंड करून उभं राहिलं तर उजव्या अंगाची सर्वांत पुढची जोडी पहिली, मग डाव्या अंगाची पुढची, मग पुन्हा उजवीकडे, असं मागे सरकायचं. माथ्यावर त्यांची चळत याच क्रमाने दिसायला हवी. स्टे त्यानंतर, श्राउडच्या वरून. खालच्या टोकाला तीन भोकांच्या लाकडी चकत्या, डेडआय, येतात. वरच्या आणि खालच्या डेडआयची भोकं एकमेकांच्या उलट मांडायची. सगळ्या वरच्या डेडआय एका उंचीवर याव्यात म्हणून तारेचा इंग्रजी यू आकाराचा साचा करतो. त्याची टोकं दोन्ही डेडआयच्या भोकांत घालून मगच श्राउड वळवून बांधायचा. त्यांना ओढणारा बारीक दोर श्राउडच्या निम्म्या जाडीचा. त्याची टोकं लगेच कापायची नाहीत. स्टे ओढला की डोलकाठी पुढे झुकते, मागचे दोर ओढले की मागे, आणि प्रत्येक नवा दोर जुन्या दोराचा ताण बदलतो. डोलकाठीच्या कलाचा पुठ्ठ्याचा साचा कापून जवळ ठेवावा, प्रत्येक दोरानंतर लावून पाहावा. सगळे ताण जुळल्यावरच टोकं कापावीत. दोर सरळ दिसण्यापुरताच ताणायचा, तारेसारखा वाजवायचा नाही.

श्राउडवरच्या शिडीच्या पायऱ्या, रॅटलाइन, हे कंटाळवाणं काम आहे आणि त्याला पर्याय नाही. दोन पायऱ्यांत १३ ते १५ इंच, म्हणजे १:६४ ला ५.२ ते ६ मिमी. आडव्या रेषा आखलेला कागद श्राउडच्या मागे लावायचा आणि प्रत्येक श्राउडवर क्लोव्ह हिच मारायची, म्हणजे दोन वेढ्यांची गाठ. गाठ जरा जास्त ओढली की कडेचे श्राउड आत खेचले जातात, दहा-बारा पायऱ्यांनंतर शिडीला डमरूचा आकार येतो. म्हणून श्राउडना आधी दोन-तीन ठिकाणी आडव्या काड्या बांधून अंतर पक्कं करावं. गाठीवर पाण्यात पातळ केलेला पांढरा गम टेकवावा, सायनोअॅक्रिलेटने दोरा काचेसारखा ठिसूळ होतो.

हलत्या दोरांत नियम एवढाच, खालून वर आणि आतून बाहेर. यार्ड उचलणारे दोर आणि टोकं पेलणारे दोर आधी. यार्ड फिरवणारे ब्रेस सर्वांत शेवटी, कारण ते टोकांपासून बाहेरून जातात आणि लागले की आत हात शिरत नाही. शिडं लावणार नसाल तर वरचे यार्ड उंच ठेवू नका. शिडाविना जहाजावर ते खाली उतरवलेले असत. गुंडाळलेलं शीड दाखवायचं असेल तर कापड पूर्ण उंचीचं घेऊ नये, गुंडाळी गादीसारखी फुगते. एक-तृतीयांश उंची पुरते.

खुंटीवर दोर इंग्रजी आठ आकड्याच्या फेऱ्यांनी अडकवून थेंबभर गम लावतो आणि जादा टोक तिथेच कापतो. वर टांगलेली वेटोळी वेगळी बनवायची. फळीवर ठोकलेल्या खिळ्यांभोवती दोरा गुंडाळून, पातळ गमाने ओली करून, खुंटीवर टांगल्यावर चिमट्याने खाली ओढून सुकू द्यायची. दोऱ्याला स्वतःचं वजन नसतं, त्यामुळे कोरडं वेटोळं आडवं फुलून बसतं.

धुळीसाठी काचपेटी हवीच, पण ती ओकची नको आणि पूर्ण बंदही नको. किटमधल्या तोफा आणि नांगर शिशाच्या मिश्रधातूचे असतील तर ओकमधून सुटणाऱ्या आम्ल वाफेने त्यांच्यावर पांढरी पूड धरते आणि धातू आतून खाल्ला जातो. पेटीच्या तळाला हवा खेळती राहील अशी बारीक भोकं ठेवावीत. शिशाचे भाग शक्य तिथे पितळी किंवा लाकडी भागांनी बदलावेत, तेही रिगिंग सुरू होण्याआधी. नंतर तोफेपर्यंत चिमटासुद्धा पोहोचत नाही.